विचारा तर खरं : लघुग्रहाला सात मिनिटं उशीर

जूनच्या अंकात 30 जूनच्या जागतिक लघुग्रह दिनाची एक छोटी चौकट काय छापली, पत्रांची रीघच लागली. संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “बाई, हे तुमचं खातं.” आयुष्य अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे कुणाचंही अक्षर मला लागतं, हा एक फायदा. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. एकाच अर्थाची पत्रं बाजूला काढली, बाकीच्यांतली काही इथे घेते.

बाई, दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिली आहे. 10 किलोमीटरचा लघुग्रह पृथ्वीवर आदळायला 18 दिवस उरलेले असतात. श्रीहरिकोट्याहून अणुबॉम्ब घेऊन यान सुटतं, नायक लघुग्रहावर उतरून स्वतःच्या हाताने बॉम्ब बसवतो, लघुग्रहाच्या ठिकऱ्या होतात, नायक हुतात्मा होतो. संपादकांनी “विज्ञान तपासून घ्या” एवढाच शेरा मारून कथा परत पाठवली. काय दुरुस्त करू?
— एक लेखिका, इचलकरंजी

ताई, कथा सगळी वाचली. नायक निघताना आई त्याला डबा भरून देते आणि यानात डबा नेता येत नाही हे तिला सांगायला कुणाची जीभ रेटत नाही, तो प्रसंग फक्कड उतरलाय. त्याला हात लावू नका. बाकीचा डोलारा मात्र उतरवून पुन्हा उभा करावा लागेल.

आधी धोंड्याचं माप. 10 किलोमीटर म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलुबला जो पडला आणि ज्याने डायनोसॉरांचा निकाल लावला, त्या तोडीचा. एवढं धूड आपल्या आसपास फिरत होतं आणि 18 दिवस आधीपर्यंत कुणाच्या नजरेला पडलं नाही, हे आजच्या वाचकाला पटायचं नाही. पृथ्वीजवळून जाणारे 1 किलोमीटरच्या वरचे लघुग्रह 95 टक्क्यांपर्यंत सापडलेत, त्यांच्या कक्षा मांडून झाल्यात. तुम्हाला 10 किलोमीटरचाच हवा असेल तर धूमकेतू घ्या. तो सूर्यमालेच्या पार कडेवरून येतो, आधीचा काही थांगपत्ता नसतो, सूचना मिळते काही महिन्यांची, फार तर दोन-तीन वर्षांची. पण मग गोड शेवट विसरा.

माझं ऐकाल तर 60 ते 150 मीटरचा घ्या. खरी धास्ती याच मापाची आहे. 140 मीटरच्या वरचे असे सुमारे 25,000 असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. असा एक धोंडा शहर पुसून टाकेल, पण जग जागेवर राहील. आणि जग जागेवर राहिलं तरच एकमेकांशी भांडायला माणसं उरतात. कथेला ती लागतातच.

आता तुमचे 18 दिवस. इथे जरा वही-पेन घ्या. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळपास 30 किलोमीटर वेगाने पळते. तिचा व्यास 12,742 किलोमीटर. भागाकार केलात तर कळेल की स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती 7 मिनिटांत कापते. म्हणजे टक्कर व्हायची तर पृथ्वी आणि लघुग्रह या दोघांनी एकाच चौकात त्याच 7 मिनिटांत येऊन ठेपायला हवं. लघुग्रहाला 7 मिनिटं उशीर झाला, की तो येईपर्यंत पृथ्वी पुढे निघून गेलेली असते. त्याला फोडायची गरजच नाही. वाटेत थोडा रेंगाळायला लावलात तरी भागतं.

आणि हे रेंगाळणं फार स्वस्तात होतं, फक्त ते लवकर करायला हवं. टक्करीच्या 10 वर्षं आधी लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला अवघ्या 1 सेंटिमीटरचा फरक पाडलात, तर त्याच्या प्रदक्षिणेचा काळ बदलतो, फरक फेऱ्यागणिक साठत जातो आणि ठरलेल्या दिवशी तो साडेनऊ हजार किलोमीटर मागे किंवा पुढे असतो. पृथ्वीची त्रिज्या 6,400 किलोमीटरच्या आतबाहेर. सुटलो! तोच 1 सेंटिमीटर 18 दिवस आधी दिलात तर लघुग्रह सरकतो 15 किलोमीटर. म्हणजे दादर ते गोरेगाव. तुमच्या नायकाला सेकंदाला 4 मीटरचा धक्का द्यावा लागेल, तोही 10 किलोमीटरच्या डोंगराला. त्याला बॉम्ब किती लागतील याचा हिशेब मी करायला घेतला आणि मध्येच पेन खाली ठेवलं.

ठिकऱ्यांचंही तेच. फुटला म्हणून लघुग्रह थांबत नाही. तुकड्यांचा वेग जवळपास तोच, वाटही तीच. पृथ्वीच्या उंबऱ्यावर फोडलात तर एकाऐवजी शेकडो पाहुणे घरात येतील. बॉम्ब वापरायचाच असेल तर तो जमिनीवर बसवण्यापेक्षा थोडा अलीकडे फोडतात. तिथे हवा नाही, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर असतो तसला धडाका नाही. स्फोटातल्या क्ष-किरणांनी दगडाचा वरचा पापुद्रा वाफ होऊन उडतो आणि त्याच्या उलट्या रेट्याने दगड सरकतो. यात नायकाला तिथे उतरायचं काहीच काम नाही, हे ऐकून वाईट वाटेल, पण नाही म्हणजे नाही.

बॉम्बची कल्पना तशी जुनी आहे. 1967 साली अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांना एक प्रकल्प दिला होता: इकारस नावाचा लघुग्रह पुढच्या जूनमध्ये पृथ्वीवर आदळणार असं धरा, काय कराल? पोरांनी 6 सॅटर्न-5 रॉकेटं मांडली आणि प्रत्येकावर 100 मेगाटनांचा बॉम्ब. माणूस अजून चंद्रावर गेलेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खरा इकारस जून 1968 मध्ये 60 लाख किलोमीटरांहून जास्त अंतर राखून निघून गेला. आज कुणी असा बेत आखला तर आडवे दोन करार येतात. 1963च्या कराराने अवकाशात अणुस्फोट करायला बंदी आहे, 1967च्या कराराने अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला. भारत दोन्हींत आहे. तुमच्या कथेत श्रीहरिकोट्याला उलटी मोजणी सुरू होते त्याच्या आधी दिल्लीत कुणाच्या कपाळाला आठ्या पडलेल्या दिसायला हव्यात.

मग कथा आहे कुठे? माझ्या मते ती 2025च्या जानेवारी-फेब्रुवारीत आहे. 27 डिसेंबर 2024ला चिलीतल्या एका दुर्बिणीला 2024 वायआर4 हा लघुग्रह सापडला. सापडला तेव्हा तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते, यातच सगळं आलं. माप सुमारे 60 मीटर. तो 22 डिसेंबर 2032ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस 1 टक्क्याच्या वर गेली. नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने अधिकृत सूचना काढली. 18 फेब्रुवारीला आकडा 3.1 टक्क्यांवर गेला. कुठे पडेल याचा पट्टा नकाशावर आला: पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागावरून, अटलांटिक आणि आफ्रिका ओलांडून, अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत. आपली मुंबई त्या पट्ट्यात होती. पुढे आठवड्याभरात शक्यता जवळपास शून्यावर आली आणि पेपरवाले दुसऱ्या बातमीकडे वळले.

ताई, तो आकडा खाली आलाच नाही अशी कल्पना करा. समजा तो अरबी समुद्रात पडणार, असं 2028मध्ये ठरलं. धक्का द्यायचा. पण धक्का म्हणजे लवकर किंवा उशीर. म्हणजे पडण्याची जागा त्याच पट्ट्यावरून पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकत जाते. धक्का पुरेपूर बसला तर पृथ्वी वाचली. कमी पडला, तर समुद्रात पडणारा दगड एका बाजूला मुंबईवर येतो, दुसऱ्या बाजूला आफ्रिकेतल्या कुठल्या तरी शहरावर. कुठल्या बाजूला ढकलायचं? कुणी ठरवायचं? ज्याचं यान त्याने? यान चुकलं तर भरपाई कुणी द्यायची? संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दोन गट आहेत, एक इशारा देणारा आणि एक मोहिमांचा सल्ला देणारा. हुकूम देण्याचा अधिकार दोघांनाही नाही.

आणि असली कथा शास्त्रज्ञ स्वतः रचतात बरं का! दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्यांच्या परिषदेत एक काल्पनिक लघुग्रह घेतात आणि रोज नवं बातमीपत्र काढून खेळ पुढे नेतात. 2019ला मेरिलँडच्या परिषदेत डेन्व्हर शहरावर येणारा लघुग्रह घेतला होता. यानं आदळवून मुख्य दगड वळवला, टाळ्या पडल्या, आणि मग कळलं की त्याचा 60 मीटरचा एक तुकडा निसटलाय आणि तो न्यूयॉर्कला चाललाय. त्याच्यावर बॉम्ब टाकायचं सुचवलं गेलं, राजकारणात ते अडकलं. शेवटी शहर रिकामं करणं एवढंच हातात उरलं. जमलेले सगळे जण कक्षा कोळून प्यायलेले, खेळ त्यांचाच, आणि शेवट हा असा. लेखकांनी हेवा करावा असं कथानक आहे.

तेव्हा नायकाला खाली उतरवा. त्याला कक्षा मोजणाऱ्या खोलीत बसवा, नाहीतर बैठकीत भारताच्या पाटीमागे. आईचा डबा तिथे चालतो. आणि 18 दिवसांचा हट्ट सोडवत नसेल, तर धोंडा 40-50 मीटरचा करून सूर्याच्या बाजूने आणा. उजेडामुळे त्या बाजूचं आपल्या दुर्बिणींना दिसत नाही, त्यामुळे संपादक काही बोलू शकणार नाहीत. मात्र मग अठरा दिवसांत रॉकेट सोडू नका, एसटी बस सोडा.

फेब्रुवारी 2025मध्ये 1 टक्का, मग 2, मग 3, आणि एकदम शून्य! शास्त्रज्ञांना नक्की काही कळत होतं का? बँकेत असे आकडे दिले असते तर माझी चौकशी लागली असती.
— निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

साहेब, कळत होतं म्हणूनच आकडा वाढत होता. घरात दहा मुलं आहेत आणि नैवेद्याचा एक मोदक गायब आहे. सुरुवातीला प्रत्येकावर संशय दहा टक्के. एकेक मूल “मी तर अंगणात होतो” म्हणून सुटत जातं, तसा उरलेल्यांवरचा संशय वाढतो. दोनच उरली की तो पन्नास टक्के होतो. मग त्यांतलंही एक सुटलं की त्याच्यापुरता एकदम शून्य. त्या मुलाने मधल्या वेळात काहीही केलेलं नसतं.

लघुग्रहाचं तसंच. तो 2032मध्ये नेमका कुठे असेल हे सुरुवातीला एका लांबलचक पट्ट्याएवढं अनिश्चित असतं, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात एक बारीक ठिपका. रोज नवी निरीक्षणं आली की पट्टा आखूड होतो. ठिपका तेवढाच राहतो, म्हणून पट्ट्यातला त्याचा वाटा वाढतो. हे वाढणं पट्ट्याचं टोक ठिपक्यावरून पलीकडे सरकेपर्यंत चालतं. सरकलं की शून्य. 2004मध्ये ॲपोफिस नावाच्या लघुग्रहाच्या बाबतीतही हेच झालं होतं. तेव्हा 2029च्या टक्करीची शक्यता नाताळच्या सुमारास 2.7 टक्क्यांवर गेली आणि जुन्या छायाचित्रांत तो सापडल्यावर पार उतरली.

बाकी 3 टक्के म्हणजे 97 टक्के काही नाही, हे पेपरात मोठ्या टायपात यायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं मान्य. पण त्या टायपाचा पेपर कोण घेणार?

मी दहावीत आहे. नासाच्या डार्ट यानाने लघुग्रहाला धडक दिली. पण तो लघुग्रह पृथ्वीकडे येतच नव्हता, तर मग त्याला का मारलं? आणि मारल्यामुळे तो आपल्याकडे वळला असता तर?
— विद्यार्थी, अकोला

शाब्बास, दुसरा प्रश्न विचारणारे कमी असतात. त्याचं उत्तर आधी देते. डार्टने धडक दिली ती डायमॉर्फॉसला. हा सुमारे 160 मीटरचा दगड डिडिमॉस नावाच्या पाचपट मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. धडकेने बदलली ती त्या दोघांमधली प्रदक्षिणा. जोडीच्या सूर्याभोवतीच्या वाटेत पडलेला फरक इतका किरकोळ की त्यामुळे पृथ्वीकडे वळण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि म्हणूनच ती जोडी निवडली. एकट्या लघुग्रहाला धडक दिली असती तर वेगात पडलेला फरक मोजायला वर्षानुवर्षं लागली असती. जोडी असली की एक दगड दुसऱ्यासमोरून गेला की उजेड जरा कमी होतो. ते पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून दिसतं, घड्याळ लावून मोजता येतं. धडकेआधी एक फेरा 11 तास 55 मिनिटांचा होता. 73 सेकंदांनी जरी घटला तरी मोहीम यशस्वी मानायची असं ठरलं होतं. घटला तब्बल 32 मिनिटांनी. कारण यानाने नुसता धक्का दिला नाही, दगडावरचा मालही उडवला. तो माल एका दिशेला उडाला, तसा दगड दुसऱ्या दिशेला रेटला गेला. न्यूटनचा तिसरा नियम, तुमच्या पुस्तकात आहे. या उडालेल्या मालाने धक्का साडेतीनपटींच्या घरात नेला.

धडक झाली तेव्हा आपल्याकडे 27 सप्टेंबर 2022ची पहाट होती, 4 वाजून 44 मिनिटं. नवरात्राची दुसरी माळ. अखंड दिव्यात तेल घालायला उठलेच होते, तर तशीच फोनसमोर बसले. यानाचा कॅमेरा सेकंदाला एक चित्र पाठवत होता. सुमारे तासभर आधीपर्यंत डायमॉर्फॉस वेगळा दिसतही नव्हता, नुसता डिडिमॉसचा ठिपका. यान शेवटचे चार तास स्वतःच वाट शोधत होतं. 1 कोटी 10 लाख किलोमीटरांवरून त्याला हाताला धरून नेणं कुणाला शक्य नव्हतं. मग अचानक डिडिमॉस चौकटीबाहेर सरकला आणि समोर करड्या दगडगोट्यांचा एक अंडाकृती ढीग आला. मला गुळगुळीत बटाटा अपेक्षित होता! हा तर खडीचा ढीग, मोठमोठे धोंडे वर नुसते ठेवल्यासारखे, त्यांच्या सावल्या तीक्ष्ण. धोंडे वाढत गेले. शेवटच्या पूर्ण चित्रात जेमतेम 30 मीटरचा तुकडा मावला होता, आणि त्यातले गोटे एकेक करून मोजता आले असते. त्याच्यानंतरचं चित्र वरच्या बाजूला थोडंसं उमटलं आणि खाली सगळं लाल. ते पूर्ण पाठवायला यान उरलं नव्हतं. नियंत्रण कक्षात लोक उड्या मारत होते. आपलं यान फुटलं म्हणून नाचणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

युरोपचं हेरा यान ऑक्टोबर 2024मध्ये तिकडे निघालं, धडकेच्या जागी काय शिल्लक आहे ते जवळून पाहायला. त्याच्यावर लक्ष ठेव. बारावीच्या प्रकल्पाला उपयोगी पडेल.

माझा आठ वर्षांचा मुलगा फोनवर “पृथ्वी संपणार” असले व्हिडिओ पाहून रात्री रडत उठतो. त्याला काय सांगू?
— एक आई, नाशिक

पहिलं म्हणजे फोन काढून घ्या. हे भौतिकशास्त्र नाही, पण आधी हेच.

दुसरं, त्याला “असं काही नसतंच” म्हणू नका. मुलांना ते खोटं कळतं. रशियातल्या चेल्याबिन्स्कची गोष्ट सांगा. 15 फेब्रुवारी 2013ची सकाळ. सगळ्या जगाच्या दुर्बिणी त्या दिवशी जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच एका लघुग्रहाकडे लागलेल्या, आणि सूर्याच्या बाजूने हा 20 मीटरचा पठ्ठ्या न सांगता आला. जमिनीपासून 30 किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्यापेक्षा लख्ख उजेड पडला. आवाजाचा धक्का मात्र दोन-अडीच मिनिटांनी पोचला, आणि तेवढ्यात लोक काय झालं ते पाहायला खिडकीशी जमले. सुमारे 1,500 जखमी झाले, त्यांतले बहुतेक काचांनी. मेला कुणीच नाही. तिथल्या एका शिक्षिकेने उजेड पाहिल्याबरोबर चौथीच्या मुलांना बाकाखाली जायला लावलं. वर्गातली सगळी मुलं सुखरूप राहिली, काच लागली ती बाईंच्याच हाताला.

तेव्हा त्याला एक काम द्या. आकाशात भलता उजेड दिसला तर खिडकीपासून लांब पळायचं, आणि घरातल्यांनाही ओढायचं. भीती वाटणाऱ्या मुलाला काम दिलं की त्याला झोप लागते, हा वर्गातला अनुभव आहे. शिवाय सांगा की काही माणसं रोज रात्री हेच पाहत बसलेली असतात, त्यांना त्याचा पगार मिळतो, आणि त्यांनी पृथ्वीजवळून जाणारे हजारो दगड नावगाव लावून ठेवलेत.

आमच्या लोणारला जो धोंडा पडला तो आज आला असता तर अडवता आला असता का? आम्हाला लहानपणी लवणासुराची कथाच सांगितली होती.
— एक वाचक, मेहकर

लवणासुराची कथा सोडू नका, दैत्यसूदनाचं देऊळ पाहायला जाल तेव्हा ती हवीच. पण शास्त्रज्ञांनीही काही कमी कथा सांगितल्या नाहीत. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केल्यापासून दीडशे वर्षं बरेच जण त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणत होते. सगळा दख्खनच ज्वालामुखीच्या दगडाचा, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. खाली भोक पाडून दगड वर काढले, त्यांत प्रचंड दाबाने काच झालेली खनिजं सापडली, आणि 1973मध्ये आघाताची गोष्ट पक्की झाली. तसा दाब ज्वालामुखीला जमत नाही. विवराच्या वयाचं मात्र भांडण बरीच वर्षं चाललं. एका पद्धतीने 50,000च्या आसपास वर्षं येतात, आर्गॉनच्या पद्धतीने 5,70,000. मला दुसरा आकडा जास्त भरवशाचा वाटतो.

आता अडवण्याचं. विवराचा व्यास 1.8 किलोमीटर. ढोबळ हिशेब असा की विवर दगडाच्या वीसेक पट होतं. म्हणजे तुमचा धोंडा 100 मीटरच्या आत-बाहेरचा. इचलकरंजीच्या ताईंना मी सुचवलाय त्याच मापाचा, आणि अडचणही तीच. दहा वर्षं आधी दिसला तर डार्टच्या भावंडांनी तो वळवता येईल. दहा दिवस आधी दिसला तर लोणार, मेहकर, मंठा रिकामं करायचं, दुसरा इलाज नाही.

आणि वेळ कमी असला तरी जागा सांगता येते, हे एकदा सिद्ध झालंय. ऑक्टोबर 2008मध्ये 4 मीटरचा एक लघुग्रह पडायच्या 20 तास आधी सापडला. तेवढ्यात त्याची वाट मोजून सुदानच्या न्युबियन वाळवंटावर तो कधी फुटणार ते सांगितलं गेलं, आणि तसंच झालं. नंतर खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी वाळवंटात रांग करून चालत गेले आणि काळे तुकडे वेचून आले. आपल्या विद्यापीठांतल्या मुलांना असं काम मिळालं तर ती सुट्टीतही येतील.

ॲपोफिस 13 एप्रिल 2029ला येतोय आणि त्या दिवशी शुक्रवार आहे. 13 तारीख आणि शुक्रवार, हा नुसता योगायोग?
— एक वाचक, पुणे

शुक्रवार-तेराचं भय इंग्रजांचं, आपण कधी आयात केलं? आपल्याकडे शुक्रवारी फुटाणे वाटतात. शिवाय तो सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्या घड्याळात पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील, म्हणजे शनिवार, 14 एप्रिल. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांची तयारी चाललेली असेल.

कामाचं तेवढं सांगते. माप सुमारे 350 मीटर, अंतर पृष्ठभागापासून 32,000 किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपले टीव्हीचे उपग्रह असतात त्याच्याही आत. आदळणार नाही, पुढची 100 वर्षं तरी नाही. पूर्व गोलार्धातल्या लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी सरकता दिसेल, युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून उत्तम. दुबई-मस्कतला कुणी भाचा-पुतण्या असेल तर तिकिटाचं आत्तापासून पाहा. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाताना आधीपासून माहीत असणं हे कुणाच्या नशिबात आलेलं नाही, आणि पुण्याच्या उजेडात तो पाहायचा हट्ट धरू नका. सिंहगड नको, तिथे गर्दी होईल. वेल्ह्याच्या पुढे जा.

पुढच्या अंकाचे प्रश्न 10 तारखेपर्यंत पाठवा. एका पत्रात एकच प्रश्न, आणि कथा मला न पाठवता थेट संपादकांना.